तीट लावलेल्या बाटल्या

बाटली बंद होती. झाकण नीट बसवलेलं. आतला चायनाग्रासच्या वडीसारखा थरथरणारा खाऊ कुकरपेक्षा कितीतरी मोठ्या यंत्रात वाफवून स्वच्छ केलेला. त्यात केळीचा एक कोंब उभा होता, करंगळीच्या नखाएवढा. आणि तरीही त्या कोंबाच्या पायाशी पांढरी दाढी उगवली होती.

घराला कुलूप असताना चोर आत शिरला कुठून? केतकी काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली, पण तिला काही सुचेना.

ही गोष्ट आजची नाही, अजून तीस वर्षांनी घडेल अशी आहे. तोवर तापीकाठचा उन्हाळा इतका चढलेला असेल की दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय राहणार नाही. म्हणून केळीच्या मळ्यांखाली, विहिरीएवढी खोल, एक प्रयोगशाळा खणली होती. तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. गावातले लोक तिला भुईघर म्हणत.

भुईघरात ऊतिसंवर्धन चालायचं (एका चांगल्या रोपाच्या इवल्या तुकड्यांपासून बाटल्यांमध्ये अगदी तशीच हजारो रोपं वाढवण्याची पद्धत). केतकीची आई, ऋतुजा नारखेडे, तिथे कोंब कापायची. समोरून गाळलेल्या हवेचा झोत, हातात लांब चिमटा आणि पातं. कोंब उचलायचा, कापायचा, नव्या बाटलीत लावायचा, झाकण बसवायचं. शेजारच्या बाकावर सुलभामावशी हेच काम करायच्या. मग बाटल्या वाढखोलीत जायच्या. तिथे दिव्यांच्या उजेडात, गारव्यात, कोंब मोठे व्हायचे.

केतकी पाचवीत होती. सकाळची शाळा सुटली की ती लिफ्टने खाली यायची, वाढखोलीसमोरच्या बोळात बसून डबा खायची आणि अभ्यास करायची. ती आली की आई काचेपलीकडून आधी तिच्या पाण्याच्या बाटलीकडे बघायची. पाणी अर्ध्याहून जास्त उरलेलं असलं की आईची भुवई वर जायची. मग केतकी मुकाट्याने दोन घोट प्यायची. नंतरच दोघी हसायच्या.

त्या दिवशी मात्र आईने बाटलीकडे बघितलंच नाही.

भुईघराचे प्रमुख झोपेभाऊ आईशी बोलत होते. आडनाव झोपे, पण त्यांना कधी कोणी नुसतं बसलेलंही पाहिलं नव्हतं. सतत इकडून तिकडे, सतत काळजीत. त्यांच्या हातात बुरशीची वही होती. ज्या बाटलीत बुरशी दिसेल, ती लावणारीच्या नावापुढे त्या वहीत एक रेघ पडायची. त्या पंधरवड्यात सुलभामावशींच्या नावापुढे अठ्ठेचाळीस रेघा होत्या आणि आईच्या नावापुढे शहाण्णव. बरोबर दुप्पट.

झोपेभाऊ ओरडणारे गृहस्थ नव्हते, आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटत होतं. हळू आवाजात त्यांनी सांगितलं की आठ आठवड्यांनी नवं वाण येतंय. पन्नास अंशांच्या उन्हात टिकणारी केळी. तिचं एकच मातृरोप जगलंय, त्यातून फार तर चाळीस तुकडे मिळतील, आणि त्यातला एकही वाया घालवून चालणार नाही. तेव्हा ते काम सुलभाताईंकडे द्यावं आणि ऋतुजाताईंनी पुढे बाटल्या धुण्याच्या खोलीत जावं, असं त्यांच्या मनात होतं.

आई म्हणाली, “बरं.”

केतकीला हा ‘बरं’ ओळखीचा होता. ताप मोजून झाल्यावर, आकडा न सांगता, आई असंच म्हणायची.

भुईघरात एक रोबो होता. महिन्यापूर्वीच आलेला. छताच्या रुळाला लटकून तो बाटल्यांचे ट्रे बाकावरून वाढखोलीत न्यायचा. त्याला कोणताही आकडा सांगा, तो लगेच विचारायचा, कितीपैकी? सुलभामावशी एकदा म्हणाल्या की आज दोनच पोळ्या खाल्ल्या. रोबोने विचारलं, कितीपैकी? मावशी म्हणाल्या, “काय रे बाबा, तू माझी सासू आहेस का?” तेव्हापासून त्याचं नाव पडलं पैकोबा. त्याच्या रुळाखालून जाताना मावशी हात जोडून जायच्या आणि स्वतःच हसायच्या.

दुसऱ्या दिवशी केतकी त्याच्यापाशी गेली. तिला कुणाला तरी सांगायचंच होतं.

“माझ्या आईच्या शहाण्णव बाटल्या बिघडल्या.”

“कितीपैकी?” पैकोबाने विचारलं.

केतकीने आईला विचारलं. आईने मावशींना. मावशींनी खांदे उडवले. वहीत बघितलं तर तिथेही नव्हतं. वही बिघडलेल्या बाटल्यांची होती. चांगल्या बाटल्या कोणी लिहितच नव्हतं.

मग पैकोबाने केतकीला एक गणित घातलं. एका मुलीने दहा उदाहरणं सोडवली, दोन चुकली. दुसरीने शंभर सोडवली, आठ चुकली. कुणाच्या चुका जास्त? केतकी म्हणाली, दुसरीच्या. आणि गणित कुणाला जास्त येतं? केतकी थांबली. पहिलीने शंभर सोडवली असती तर, तिने मनात केलं, वीस चुकली असती.

“दुसरीला,” ती म्हणाली.

याला शेकडेवारी म्हणतात (दर शंभरामागे किती, ते काढणं). नुसता आठचा आकडा मुका असतो, त्याच्याशेजारी शंभर ठेवला की तो बोलायला लागतो.

आपल्या आईचा आकडा काय बोलेल, असं केतकीने विचारलं. पैकोबा म्हणाला की त्याला माहीत नाही, त्याच्याकडे विदा नाही (विदा म्हणजे नीट टिपून ठेवलेली माहिती, बोलताना आपण डेटा म्हणतो). मावशींना विडा ऐकू आलं. तोंडात दात नसताना याला विडा कशाला हवा, असं त्यांनी विचारलं, आणि आई त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

ठरलं ते असं. दोन आठवडे प्रत्येक बाटली टिपायची, चांगली असो की वाईट. झोपेभाऊंना ते फारसं पटलं नाही, हातातलं काम सोडून लिहीत बसायचं का, असं ते म्हणाले. पण नाहीही म्हणाले नाहीत. खरी अडचण वेगळीच निघाली. सुलभामावशी अडून बसल्या. वाईट तेवढं लिहावं, चांगलं मोजू नये, दृष्ट लागते. त्यांच्या घरी पोळ्यासुद्धा कोणी मोजत नसे.

आईने एकटीनेच वही घातली. तीही फसली. हातमोजे घालून पेन धरता येईना, म्हणून संध्याकाळी आठवून लिहायचं ठरलं. सोमवारी शंभर. मंगळवारी शंभर. बुधवारी विसरली. गुरुवारी दोन्ही दिवसांचे मिळून दोनशे.

“रोज बरोबर शंभर?” पैकोबाने विचारलं.

आई ओशाळली. ते आकडे अंदाजाचे होते. वही बाकापासून दहा पावलांवर होती आणि संध्याकाळ कामापासून आठ तासांवर. माणूस चांगलं असून भागत नाही, नोंद हाताशी असावी लागते. पैकोबानेच का मोजू नये, असं केतकीने विचारलं. तो म्हणाला की त्याला मोजता येईल. “पण मग आकडे माझ्यापाशी राहतील. जो टिपतो, त्यालाच पुढचा प्रश्न सुचतो.”

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळीच केतकीला उपाय सुचला. शाळेत वर्गाचा फोटो निघायचा होता. निघताना आईने सवयीने काजळाचं बोट तिच्या कानामागे टेकवलं. पाचवीतल्या मुलीला तीट लावतात का, म्हणून केतकी कुरकुरली. आणि कुरकुरता कुरकुरताच गप्प झाली.

त्या दुपारी तिने पुठ्ठ्याची कार्डं कापली. एका ट्रेमध्ये पंचवीस बाटल्या मावायच्या, म्हणून कार्डावर पंचवीस चौकोन आखले. वर लावणारीचं नाव आणि तारीख, खाली फळीचा क्रमांक. ट्रे भरला, हातमोजे काढले की काळ्या खडूने कार्डावर दर बाटलीसाठी एक ठिपका द्यायचा. पुढे बाटली बिघडली तर तिच्या ठिपक्याभोवती गोल. बस. चांगलं आणि वाईट एकाच कार्डावर. ठिपके पडल्याशिवाय पैकोबा ट्रे उचलणार नाही.

मावशींना तिने सांगितलं की हे मोजणं नव्हे, बाटल्यांना तीट लावणं आहे.

मावशींनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. “बेरीज कोण करणार?”

“मी करीन. तुम्ही बघू नका.”

“मग लाव माय,” मावशी म्हणाल्या. “तीट लावायला काय हरकत आहे?”

पहिले दोन दिवस विसरायला व्हायचं. पैकोबा ट्रेवर लटकून नुसता थांबून राहायचा आणि मग आठवायचं. चौथ्या दिवशी हात आपोआप खडूकडे जाऊ लागला. सवय अशीच लागते. जे काम आधीपासून रोज करतो, त्याच्या शेपटीला नवं काम बांधायचं.

दोन आठवडे ठिपके पडले. बुरशी दिसायला आठवडाभर लागतो, म्हणून आणखी एक आठवडा थांबले. मग केतकीने बेरीज केली. दोनदा केली. आईच्या बाटल्या बाराशे, बिघडल्या चौऱ्याऐंशी. शंभरामागे सात. मावशींच्या बाटल्या हजार, बिघडल्या अठ्ठेचाळीस. शंभरामागे पाचाच्या किंचित खाली.

फरक दुप्पट नव्हता. पण आईचा आकडा अजूनही जास्तच होता.

केतकीला वाटलं होतं की विदा आपल्या बाजूने बोलेल. कार्डं तिच्यापुढे होती, खडूचे गोल बोटाने पुसले जाण्यासारखे होते. तीस गोल पुसले की झालं. तिने एका गोलावर बोट ठेवलं. वर बघितलं तर आई काचेपाशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. आईला सगळं आधी दिसायचं.

आई बाहेर आली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. म्हणाली, “राहू दे. सात तर सात. पुसलं तर धुण्याच्या खोलीतून वाचेन गं, पण बाटल्या का बिघडतात ते मला कधीच कळणार नाही.”

मावशी डबा घेऊन घरी निघाल्या होत्या. त्या दारापाशी थांबल्या, परत फिरल्या, आणि धुण्याच्या बादलीतून दोन बाटल्या काढून केतकीपुढे ठेवल्या. दोन्हींत दाढी होती. “या माझ्या,” त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या. “गोल करायचे राहिले होते.” केतकीने दोन गोल केले. आता मावशींचा आकडा पन्नास झाला, शंभरामागे बरोबर पाच.

पैकोबाला विचारलं तेव्हा तो म्हणाला की उत्तर आवडलं नाही तर आकडे बदलू नयेत, प्रश्न बदलावा. या बाटल्या लावणारीखेरीज आणखी कशाने वेगळ्या आहेत?

केतकीने कार्डं जमिनीवर पसरली. वार बघितले, काही दिसेना. कोणत्या दिवशीचा खाऊ होता ते बघितलं, तेही नाही. मग कार्डाच्या तळाचा फळीचा क्रमांक बघून तिने दोन ढीग केले. वाढखोलीत आतल्या बाजूच्या फळ्यांचा एक, आणि दारालगतच्या फळ्यांचा दुसरा. दुसऱ्या ढिगात गोलच गोल होते.

आतल्या फळ्यांवर आईच्या सहाशे बाटल्या, बिघडल्या बारा. शंभरामागे दोन. मावशींच्या सातशे, बिघडल्या चौदा. शंभरामागे दोन. दारालगत आईच्या सहाशे, बिघडल्या बहात्तर. शंभरामागे बारा. मावशींच्या तीनशे, बिघडल्या छत्तीस. शंभरामागे बारा.

तिने ते पुन्हा वाचलं. दोघींच्या हातात तसूभरही फरक नव्हता. फरक फळीत होता. मावशी सकाळी सातला यायच्या, तेव्हा आतल्या फळ्या रिकाम्या असायच्या. आई दहाला यायची. तोवर आतली जागा भरत आलेली, म्हणून तिचे निम्मे ट्रे दारालगत जायचे. एवढंच.

पण मग दारालगत काय होतं? बाटल्या तर बंद होत्या.

हे कोडं आईने सोडवलं, आणि तेही केतकीचा डबा उघडताना. गरम भाजी भरून झाकण लावलं की दुपारी ते उघडता उघडत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल. गरम हवा गार झाली की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. डब्याचं झाकण घट्ट असतं, म्हणून ते चिकटतं. कोंबांना मात्र हवा लागते, त्यामुळे बाटलीचं झाकण किंचित सैल ठेवतात. आई हळूहळू बोलत होती, जणू तिलाच बोलता बोलता दिसत होतं. बोळातली हवा गरम आहे. दार उघडलं की ती आत येते, दारालगतच्या बाटल्या तापतात. दार लागलं की त्या पुन्हा गार होतात, आणि गार होताना बाहेरची हवा आत ओढतात. त्या हवेत असतात बीजाणू (बुरशीचं डोळ्यांना न दिसणारं बी).

म्हणजे दार उघडून मिटलं की प्रत्येक बाटली एक श्वास घेत होती.

तर मग दार किती वेळा उघडतं? केतकीने शाळेतून आल्यावर एक दिवस अभ्यास बाजूला ठेवला आणि दारासमोर बसून ठिपके दिले. शनिवारी शाळा नव्हती, तेव्हा सकाळपासून दिले. शनिवारची बेरीज झाली एकतीस. पैकोबा आठ वेळा, आई दोनदा, मावशी दोनदा. आणि झोपेभाऊ एकोणीस वेळा.

झोपेभाऊ दर अर्ध्या तासाने वाढखोलीत जायचे, कुठे बुरशी आलीय का ते बघायला.

कागद घेऊन त्यांच्यापुढे उभं राहायला केतकीला भीती वाटली. आई म्हणाली की ती बरोबर येईल, पण सांगायचं केतकीनेच. केतकीने आधी फळ्यांचे दोन ढीग दाखवले, मग डब्याच्या झाकणाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी दारासमोरचा कागद पुढे केला. झोपेभाऊंनी तो बराच वेळ वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“म्हणजे मी बुरशी बघायला आत जातो,” ते म्हणाले, “आणि…”

“आणि तीही तुमच्यासोबत येते, भाऊ,” आई म्हणाली.

कोणीच हसलं नाही. मग झोपेभाऊच हसले, जरा कसंनुसं. त्यांनी मान्य केलं की पोटात काळजी उठली की पाय आपोआप तिकडे वळतात. आईने मान हलवली. ती केतकीच्या कपाळाला रात्रीतून तीनदा हात लावून बघायची, तिला हे कळत होतं.

पण झोपेभाऊ भुईघराचे प्रमुख काही उगाच नव्हते. त्यांनी लगेच मान डोलावून विषय संपवला नाही. हे खरं असेल तर दार कमी उघडल्यावर बुरशी कमी झाली पाहिजे, नाही का, असं ते म्हणाले. करून बघू. एक आठवडा ते काचेतूनच बघतील, पैकोबा ट्रे दोनच खेपांत नेईल, आणि पुढचा आठवडा बुरशी दिसते का ते तपासायचं. याला पडताळा म्हणतात (आपल्याला वाटतंय ते खरं आहे का, हे करून बघणं).

तो आठवडा झोपेभाऊंना फार जड गेला. ते काचेसमोर उभे राहायचे, हात दाराच्या कडीपर्यंत जायचा आणि परत यायचा. दोनदा ते आत गेलेच. दोन्ही वेळा त्यांनी केतकीच्या कागदावर स्वतःच्या हाताने ठिपका दिला.

निकाल आला तेव्हा आठ आठवडे भरायला तीनच दिवस उरले होते. दारालगतच्या दोनशे बाटल्यांपैकी बिघडल्या सहा. शंभरामागे बाराच्या जागी तीन. झोपेभाऊंनी ते सर्वांसमोर वाचून दाखवलं आणि मग आईकडे वळले.

“ऋतुजाताई, मी तुम्हाला चुकीच्या खोलीत पाठवत होतो. मोठ्या मनाने माफ करा.” आणि लगोलग, नेहमीच्या काळजीच्या सुरात, त्यांनी विचारलं की नव्या वाणाचे चाळीस तुकडे दोघींनी वीस-वीस घेतले तर कसं. हात सारखेच आहेत, तर एकीवरच भार कशाला. मावशी म्हणाल्या की त्यांना चालेल, पण ट्रे आतल्या फळीवरच हवेत. त्यांचेही, ऋतुजाचेही.

बुधवारी मातृरोप आलं, थंड पेटीत, ओल्या कापडात. दिसायला साधं. पण वर उन्हात ते जगलं तर या खोऱ्यात पुन्हा भरदुपारी हिरवी सावली असणार होती, आणि केतकीच्या वयाची मुलं तिच्यात खेळू शकणार होती. आईने चिमटा उचलला. हात स्थिर होता. पहिला तुकडा बाटलीत उभा राहिला, झाकण बसलं, आणि तिने काचेपलीकडे बघितलं.

केतकीने काचेला तोंड लावून विचारलं, “जगेल का गं हा?”

आई विचार करत होती. हो म्हणणं सोपं होतं. मुलीला धीर द्यायला कोणतीही आई हो म्हणेल.

“आज माहीत नाही,” ती म्हणाली. “पुढच्या बुधवारी थोडं कळेल. त्याच्या पुढच्या बुधवारी आणखी.”

आणि ती दुसऱ्या तुकड्याकडे वळली.